चित्र उडतंय म्हणून लगेच माल्टीज क्रॉस बदलायचा का?

तुमची अडचण थोडक्यात अशी, की ३५ एमएमचं सिनेमा दाखवायचं मशीन (प्रोजेक्टर) बरीच वर्षं बंद पडून होतं, आता चालू केलं तर पडद्यावर चित्र वरखाली उडतंय, गेटमधून (फिल्म उजेडासमोर धरणारा भाग) कटकट आवाज येतोय, फिल्मच्या भोकांच्या कडा चिरल्या जातायत आणि मशीनखाली तेल साचतंय. एकाने सल्ला दिला की अख्खा इंटरमिटंट बॉक्स (फिल्म एकेक फ्रेम थांबत थांबत ओढणारा भाग, यातच माल्टीज क्रॉस असतो) बदला, दुसरा म्हणाला स्प्रॉकेट (भोकांत दाते अडकवून फिल्म ओढणारं चाक) लेथवर करून घ्या. माझं म्हणाल तर अजून काहीच बदलू नका. इंटरमिटंट गेला असं सांगून माझ्याकडे आलेल्या मशीनमध्ये बऱ्याचदा इंटरमिटंट ठणठणीत निघालाय आणि भलतीच वस्तू बिघडलेली असायची. त्यात आता हे पार्ट सहज मिळत नाहीत, तेव्हा चांगला चाललेला बॉक्स नुसता बघायला म्हणून उघडणं पण महागात पडतं.

आधी मशीन काय करतं ते आकड्यांत बघून घ्या, दोष शोधताना हेच आकडे कामाला येतात. सेकंदाला २४ फ्रेम, एका फ्रेमला ४ भोकं, इंटरमिटंट स्प्रॉकेटला १६ दाते. म्हणजे एका फ्रेमला स्प्रॉकेट पाव फेरी फिरतं आणि चार फ्रेमला एक पूर्ण फेरी. स्प्रॉकेटच्या शाफ्टवर चार खाचांचा क्रॉस असतो, त्याला फिरवणारा पिनवाला कॅम मात्र दर फ्रेमला एक फेरी मारतो, मिनिटाला १४४०. त्या फेरीचा पाव भागच त्याची पिन क्रॉसच्या खाचेत असते, म्हणजे फिल्म खाली ओढायला सेकंदाचा ९६ वा भाग मिळतो आणि बाकीचा पाऊण वेळ फिल्म गेटमध्ये अजिबात न हलता उभी पाहिजे. एवढ्या झटक्यात ओढायचं आणि लगेच जागच्या जागी थांबवायचं, यातलं थांबवायचं काम एकटा क्रॉस करत नाही हे लक्षात घ्या, अर्धं काम गेटचं आहे. तिथेच लोक चुकतात.

आता पडद्यासमोर उभं राहून उडी नीट बघा. स्प्रॉकेट चार फ्रेमला एक फेरी मारतं म्हणजे सेकंदाला ६ फेऱ्या, तेव्हा उडी ठरावीक तालात, सेकंदाला ६ वेळा येत असेल तर स्प्रॉकेट वाकडं बसलंय किंवा क्रॉसचा शाफ्ट वाकलाय किंवा चारपैकी एक खाच खाल्ली गेलीय. उडी बेताल असेल, कधी येते कधी नाही, फिल्मचा जोड गेला की वाढते, तर संशय गेटवर. आणि एकाच प्रिंटला उडतंय, दुसरीला नाही, तर मशीनला हात लावू नका, ती प्रिंट आकसलेली असेल नाहीतर दोष छापतानाच आलेला असेल. यासाठी आरपी ४० ची (प्रोजेक्टर तपासायची प्रमाणित) टेस्ट फिल्म मिळाली तर उत्तम, तिच्यातल्या रेघा स्थिर असण्याची खात्री असते त्यामुळे जे हलेल ते मशीनचंच. अजून एक फुकटची तपासणी, फिल्म न लावता नुसता उजेड पडद्यावर टाका आणि अपर्चर प्लेटची (चित्राची चौकट ठरवणारी पट्टी) कड बघा. कड पण थरथरतेय का? मग लेन्स होल्डरमध्ये ढिली आहे नाहीतर स्टँडच हलतोय, आणि तुम्ही बसलात क्रॉस शोधत.

दुसरा साक्षीदार म्हणजे फाटलेली भोकं. मशीनमधून गेलेली वीतभर फिल्म भिंगाखाली धरा आणि भोकाची कुठली कड दुखावलीय ते बघा. फिल्म ज्या दिशेला जाते त्या बाजूची म्हणजे पुढची कड चिरलेली असेल तर दात फिल्म ओढताना जोर लागतोय, म्हणजे गेट फार आवळलंय किंवा इंटरमिटंटचे दाते खराब आहेत, किंवा वरचं रीळ फिरायला जड जातंय. मागची कड चिरलेली असेल तर खालचं स्प्रॉकेट फिल्म रोखून धरतंय आणि टेक-अप (चाललेली फिल्म गुंडाळणारं रीळ) तिला खेचतंय, म्हणजे टेक-अपचा क्लच जास्त ताणलाय. वर्षानुवर्षं बंद मशीनमध्ये क्लचचं फेल्ट किंवा चामडं तेल पिऊन, नाहीतर सुकून कडक होतं आणि मग तो सरकतच नाही. हा पाच मिनिटांचा तपास आहे, पण तो न करता लोक इंटरमिटंट स्प्रॉकेट बदलतात आणि महिन्याभरात नव्या दात्यांवर तीच फिल्म परत चिरते.

तुमच्याकडे कटकट आवाज आणि उडी दोन्ही आहेत म्हणून मला गेटचाच जास्त संशय येतोय. गेट उघडा, लेन्स काढा, टॉर्च तिरपी धरून रनर बघा. ज्या दोन पट्ट्यांवर फिल्मच्या कडा घासतात त्यांवर काळपट टणक खपल्या दिसतील, ते फिल्मवरून निघालेलं इमल्शन (चित्राचा थर) आहे, ताज्या प्रिंट चालवल्या की हमखास जमतं. त्यावर फिल्म चिकटते, सुटते, चिकटते, सुटते, आणि तीच तुमची कटकट. खरवडायला स्क्रू ड्रायव्हर घ्याल तर रनरवर ओरखडा पडेल आणि पुढची प्रत्येक प्रिंट तिथे घासेल, म्हणून लाकडाची नाहीतर प्लास्टिकची चपटी काडी घ्या, जरा ओलसर फडकं ठेवून खपली मऊ होऊ द्या मग काढा. आता रनरवर नख आडवं फिरवा. नख खाचेत अडकलं तर रनर खाल्ला गेलाय आणि बदलायलाच लागेल. मखमलीचे रनर असलेली मशीन असतात त्यात मखमल टक्कल पडल्यासारखी झालेली दिसते, ती बदलणं सोपं, फक्त जुना गोंद पूर्ण काढा, गोंदाचा एक दाणा राहिला तरी फोकस एका बाजूला जातो.

मग फिल्म रनरवर दाबून धरणारे पॅड आणि त्यांच्या स्प्रिंग. चार पॅड असतील तर चारही सारख्या जोराने दाबतायत का ते बोटाने दाबून बघा, एक स्प्रिंग मेलेली असते आणि ऑपरेटरने ते भरून काढायला बाकीच्यांचा स्क्रू आवळलेला असतो. स्प्रिंग बदलताना सगळ्या एकदम बदला आणि त्याच जाडीच्या तारेच्या घ्या. मी एकदा दुसऱ्याच कुठल्यातरी मशीनच्या स्प्रिंगा बसवल्या होत्या, लांबी तंतोतंत, तार जराशी जाड, चित्र असं काही स्थिर झालं की मी खूश. आठवड्याने तिथला ऑपरेटर प्रिंट घेऊन आला, प्रत्येक भोकाच्या पुढच्या कडेला केसाएवढी चीर. परक्याची प्रिंट होती, भरपाई मलाच द्यावी लागली. तेव्हापासून गेटचा ताण मी उलट्या बाजूने लावतो. फिल्म चालू ठेवून ताण हळूहळू कमी करत जायचा, चित्र उडायला लागलं की थांबायचं, आणि मग जेमतेम उडी बंद होईपर्यंत परत वाढवायचा. त्यापुढे एक आटापण नाही.

चित्र वरखाली न होता डावीउजवीकडे डुलत असेल तर तो वेगळा विषय, तिथे गेटच्या वरचा बाजूचा गाइड रोलर बघायचा, त्याची स्प्रिंग अडकलेली असते किंवा कॉलरला फिल्मने चर पाडलेला असतो.

गेट साफ करून ताण लावूनही उडी राहिली तर मग स्प्रॉकेट. दाते भिंगाने बघा. चांगला दात दोन्ही बाजूंनी सारखा उतरता असतो, झिजलेल्याला एका बाजूने खोबण पडते आणि टोक आकड्यासारखं वळल्यागत दिसतं. असा दात भोकातून सुटताना फिल्म उचलतो, कटकट तिथूनही येते. बऱ्याच मशीनमध्ये स्प्रॉकेट उलटं करून बसवता येतं, झिजलेली बाजू मागे जाते आणि न वापरलेली पुढे येते, म्हणजे पार्ट न शोधता एक आयुष्य अजून मिळतं. फक्त आधी कोणी उलटवून दोन्ही बाजू संपवलेल्या नाहीत ना ते बघा.

स्प्रॉकेट काढताना जीव मुठीत धरून काम करायचं. ते बऱ्याचदा टेपर पिनने क्रॉसच्या शाफ्टवर बसवलेलं असतं आणि पिनला एक जाडी बाजू एक बारीक बाजू असते, बारीक बाजूकडून ठोकून जाड्या बाजूने बाहेर काढायची. शिकाऊ होतो तेव्हा मी बाजू न बघता हातोडी मारली होती, पिन आणखी घट्ट झाली, मग अजून जोरात मारली. पिन निघाली शेवटी. शाफ्ट डोळ्याला सरळ दिसत होता, स्प्रॉकेट नवीन होतं, आणि पडद्यावर सेकंदाला सहा उड्या. तो शाफ्ट क्रॉससकट एकाच तुकड्यात होता. उस्ताद काही बोलले नाहीत, नुसता डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) लावून शाफ्ट हाताने फिरवायला सांगितला आणि काटा हलताना बघत बसवलं. तेव्हा स्प्रॉकेटच्या खाली व्ही आकाराचा आधार दिल्याशिवाय पिनेवर ठोकायचं नाही, शाफ्टवर तर कधीच नाही, आणि तुमच्या मॉडेलसाठी पिन काढायचं स्क्रूचं टूल मिळत असेल तर हातोडी बाजूला ठेवा. परत बसवल्यावर डायल गेज दात्यांच्या मधल्या गोल भागावर लावून पूर्ण फेरी तपासायची.

आणि लेथवर स्प्रॉकेट करून घ्यायचं म्हणताय ते नको. टर्नर कितीही चांगला असू दे, लेथवर गोल वस्तू होते, सोळा दाते सारख्या अंतरावर आणि योग्य आकाराचे कापायला दाते कापायचं मशीन आणि तो कटर लागतो. एका दात्याला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने फरक पडला तरी तो पडद्यावर किती पटीने मोठा होऊन दिसेल विचार करा, इथे तर बोटाच्या एका पेराएवढी फ्रेम भिंतीएवढी होते. शिवाय भोकाचं अंतर ४.७५ मिलिमीटर हे नव्या प्रिंटसाठी, जुन्या आकसलेल्या फिल्मसाठी स्प्रॉकेटचा बेसचा (दात्यांच्या मुळाचा) व्यास वेगळा लागतो, तेव्हा जुना दात मोजून नक्कल करायची म्हणजे झिजेचीच नक्कल. क्रॉस आणि कॅम तर विषयच सोडा, ते कडक केलेल्या पोलादाचे आणि ग्राइंड केलेले असतात आणि एकमेकांशी जोडीने जुळवलेले असतात. त्याच मॉडेलचं मेलेलं मशीन शोधा आणि जोडी काढताना जोडीनेच काढा, एकाचा क्रॉस दुसऱ्याचा कॅम असं करू नका.

लेथवर काय करून घेता येतं ते पण सांगतो, कारण बरंच काही येतं. रोलर, रोलरच्या पिना, स्पेसर, रिळाचे स्पिंडल, नॉब, शाफ्ट ज्यात फिरतो ती ब्रॉन्झची बुशं. यात दोन गोष्टी टर्नरला समजावून सांगाव्या लागतात, तो आपणहून करणार नाही. एक, रोलर मधे खोलगट पाहिजे, फिल्म फक्त दोन्ही कडांना भोकांच्या भागात टेकली पाहिजे. टर्नर छान चकचकीत सरळ सिलिंडर करून देतो, दिसायला नव्या मशीनसारखा, आणि तो चित्राच्या मधोमध घासतो. दोन, बुशाला तेलाचं भोक आणि आतली खाच जुन्यासारखीच हवी आणि बसवताना भोकासमोर भोक आलं पाहिजे, नाहीतर तेल घालत राहाल आणि शाफ्ट कोरडाच फिरून जाम होईल. नमुना म्हणून जुनं बुश द्या पण मापं न झिजलेल्या बाजूची घ्यायला सांगा.

क्रॉस खरंच गेलाय का हे बॉक्स न उघडताही कळतं. मशीन बंद करून हाताने फिरवा, क्रॉस लॉक झालेल्या जागी थांबवा आणि स्प्रॉकेट दोन बोटांत धरून पुढेमागे हलवा. जेमतेम जाणवेल न जाणवेल एवढाच प्ले (ढिलेपणा) पाहिजे. आता पाव फेरी, परत बघा, असं चारही जागी. चारही जागी सारखाच जास्त प्ले असेल तर क्रॉस आणि कॅममधलं अंतर वाढलंय, बऱ्याच मॉडेलमध्ये क्रॉसचा शाफ्ट एक्सेंट्रिक (मध्य सोडून भोक असलेल्या) बुशात असतो आणि ते जरासं फिरवून अंतर कमी होतं, पार्ट लागतच नाही. मात्र एका जागी ढिला आणि दुसऱ्या जागी घट्ट लागला तर ॲडजस्ट करायला जाऊ नका, घट्ट जागेला तो पिळून निघेल. तिथे क्रॉस किंवा शाफ्ट खराब आहे, जोडी बदलायची.

तेल गळतंय म्हणालात, ते बहुतेक वर्षानुवर्षं उभं राहून कडक झालेलं ऑइल सील आहे, पण आधी लेव्हल बघा. गळतंय म्हणून माणसं वर जास्त तेल भरतात आणि जास्त भरल्यामुळे अजून गळतं. जुनं तेल पूर्ण काढून एका पांढऱ्या वाटीत घ्या आणि उजेडात बघा, चमचमती पिवळसर भुकटी दिसली तर ब्रॉन्झचं बुश झिजतंय, राखाडी चमक असेल तर पोलाद, म्हणजे क्रॉस, कॅम किंवा गिअर. नुसतं काळं आणि घट्ट झालेलं असेल तर घाबरायचं कारण नाही. त्याच ग्रेडच्या थोड्या तेलाने आतून धुवा, काढा, मग खुणेपर्यंत नवीन भरा. कंपनीने सांगितलेलं तेलच घाला, आणि गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे तेल नाही, तो चिकट झालेलं पण धुवून नेतो आणि मग धातूवर धातू. सील बदललं की त्याखालचा शाफ्टचा भाग पण बघा, तिथे चर पडलेला असेल तर नवं सील पण चार दिवसांत गळेल.

बॉक्स काढलाच तर परत बसवल्यावर शटरचं (फिल्म सरकताना उजेड अडवणारं फिरतं पातं) टायमिंग लावावं लागतं, हे विसरून बरेच जण नवा घोटाळा करून घेतात. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं असतील तेव्हा बघा. अक्षरांना वरच्या दिशेने शेपट्या दिसल्या तर शटर उशिरा बंद होतंय, खाली दिसल्या तर लवकर उघडतंय. (फिल्म खाली सरकते पण लेन्स चित्र उलटं करते म्हणून पडद्यावर ते वर सरकतं, एवढं डोक्यात ठेवलं की गोंधळ होत नाही.) दोन्हीकडे शेपट्या असतील तर टायमिंग नाही, शटरच्या ड्राइव्हमध्ये गिअरचा प्ले आहे किंवा कोणीतरी उजेड वाढवायला पातं कापून बारीक केलंय. हो, असं करतात लोक. लावायची पद्धत सोपी आहे, हाताने फिरवून क्रॉस ओढण्याच्या बरोबर मध्यावर आणायचा, म्हणजे फिल्म चारपैकी दोन भोकं सरकलेली असते, आणि त्या क्षणी पात्याचा मध्य अपर्चरच्या मध्यावर आला पाहिजे.

गिअरचं एवढंच, की फायबर किंवा नायलॉनचा गिअर तुटला तर तो कशामुळे तुटला ते शोधल्याशिवाय नवा लावू नका. कुठलातरी शाफ्ट जाम असतो आणि तो मऊ गिअर सगळ्यात आधी बळी जातो. नवा बसवला की तोही जाईल, किंवा तुम्ही वैतागून धातूचा बसवाल आणि मग पुढचा महागडा भाग जाईल. तेच पॉलिएस्टर फिल्मचं आहे. जुनी ॲसिटेट फिल्म अडकली की तुटायची, मशीन वाचायचं. पॉलिएस्टर तुटत नाही, ती शाफ्ट वाकवते आणि दाते पाडते, म्हणून फिल्म अडकल्यावर मोटर बंद करणारा स्विच चालतोय का हे चालू करण्याआधी हाताने दाबून बघाच.

साउंड हेडचं (फिल्मवरचा आवाज वाचणारा भाग) सध्या लांबवत नाही. गुणगुण येत असेल तर ९६ सायकलची आहे का २४ ची ते कानाने ओळखा, सेकंदाला ९६ भोकं जातात म्हणून उंच गुणगुण असेल तर रीडर भोकांकडे सरकलाय, जाड फडफड असेल तर चित्राकडे. आवाज लहरतोय तर ड्रमच्या फ्लायव्हीलचं बेअरिंग.

झेनॉन बल्ब मात्र हलक्यात घेऊ नका. तो थंड असतानाही आत दाब असतो, तोंडावर शील्ड, हातमोजे आणि जाड जॅकेट घातल्याशिवाय लॅम्पहाउस उघडायचं नाही, गरम असताना तर अजिबात नाही. काचेला बोट लागता कामा नये. एक टोक घट्ट आणि दुसऱ्या टोकाला लवचिक वायर, दोन्हीकडून आवळला तर गरम होऊन वाढायला जागा मिळत नाही आणि फुटतो. प्लस मायनस उलटं झालं तर बल्ब बघता बघता जातो, रेक्टिफायर दुरुस्त करून आला असेल तर आधी मीटर लावा. बंद पडून असलेल्या मशीनचा जुना बल्ब मी शक्यतो लावतच नाही.

सगळं झाल्यावर लगेच चांगली प्रिंट चढवू नका. शंभरेक फूट टाकाऊ फिल्म घ्या, सुरुवातीला दहा मिनिटं फिल्मशिवाय आणि बल्बशिवाय मोटर चालवा, इंटरमिटंटवर हात ठेवून गरम होतोय का बघा, मग ती टाकाऊ फिल्म दहा वेळा फिरवा. दर वेळी एक वीत भिंगाखाली, भोकाची पुढची कड, मागची कड, आणि इमल्शनच्या बाजूला ओरखडा. सलग उभी रेघ दिसली तर कुठलातरी रोलर फिरत नाहीये, तो एका जागी घासून चपटा झालेला असतो, बोटाने एकेक फिरवून बघितला की सापडतो. रात्री मशीनखाली पांढरा पुठ्ठा ठेवून द्या, सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून सील कुठलं गळतंय ते कळेल.